मॅजिक मशरूमचे स्पोअर्स ऑनलाइन मागवले तर गुन्हा होतो का? त्यात नशा नसते म्हणतात, मग धोका काय?

मी वकील नाही, कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात धिंगरी अळंबीचं शेड चालवतो. पण हाच प्रश्न कॉलेजची पोरं शेडवर येऊन विचारतात म्हणून कायदा बसून वाचलाय, तेवढं सांगतो.

तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे. स्पोअर म्हणजे अळंबीची बी समजा, त्यात सायलोसायबिन हे नशा आणणारं रसायन नसतं, बी रुजून बुरशीचे धागे वाढायला लागले की ते तयार होतं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांवरच्या कायद्याच्या यादीत सायलोसायबिन आणि सायलोसिन ही नावं आहेत, स्पोअर हा शब्द नाही. नेटवरचे लोक इथंच थांबतात आणि लीगल आहे म्हणून सांगून मोकळे होतात. पण त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये गुन्ह्याचा नुसता प्रयत्न केला तरी मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे, आणि पोलीस विचारणार की बाबा हे मागवलं कशाला? मायक्रोस्कोपखाली बघायला म्हणाल आणि घरात मायक्रोस्कोपच नसेल तर पुढं काय बोलणार? आणि ते रुजलं की मग यादीतलाच पदार्थ तुमच्या घरात तयार झाला. कमी प्रमाण असलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे, कमर्शियल, म्हणजे कायद्यानं ठरवलेलं मोठं प्रमाण निघालं तर १० ते २० वर्षं.

शिवाय बाहेरच्या देशातून बुरशीचं जिवंत कल्चर, म्हणजे वाढवलेली बुरशी, आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणं परमिट लागतं, तो विषय वेगळाच. विकणारे लावतात ते 'फक्त मायक्रोस्कोपीसाठी' हे लेबल अमेरिकेतून आलंय, आणि तिथं पण कॅलिफोर्निया, जॉर्जिया, आयडाहोत स्पोअरवर बंदी आहे.

केरळ हायकोर्टाचा जानेवारी २०२५ चा निकाल पोरं लई फिरवतात. तो जामिनाचा आदेश होता. मशरूम म्हणजे मिश्रण नव्हे, म्हणून अख्ख्या मशरूमचं वजन न धरता त्यातल्या सायलोसायबिनचं प्रमाण बघायचं असं कोर्ट म्हणालं. खायला परवानगी दिलेली नाही ओ!

आता धोका, आणि मला खरी काळजी याचीच वाटते. हे स्पोअर पाण्यात मिसळून सिरिंजमध्ये येतात, आत नेमकं काय आहे हे डोळ्यानं कळत नाही, मी रोज स्पॉन, म्हणजे अळंबीच्या लागवडीचं बियाणं, हाताळतो तरी मला पण कळणार नाही. मागच्या पावसाळ्यात एक पोरगा फोनमध्ये फोटो दाखवायला आला, कुठनं तरी मागवलेल्या सिरिंजमधनं सगळी हिरवी बुरशी उठलेली, आमच्या पिशव्यांत येते तसलीच, आणि तो विचारतोय हे खाल्लं तर चालेल का. एवढा हुशार पोरगा, मला रात्रभर झोप आली नाही.

काहीजण मग गगनबावड्याकडं नाहीतर राधानगरीच्या जंगलात शोधायला जातात. तपकिरी रंगाची बारकी छत्री फोटोत सगळी सारखीच दिसते. ॲमाटॉक्सिन नावाचं विष असलेली अळंबी पोटात गेली की सहा ते चोवीस तास काही होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तेवढ्यात आतनं लिव्हर गेलेलं असतं. शिजवून ते विष जात नाही, आणि चांदीचं नाणं काळं पडतं का बघायची जुनी युक्ती साफ खोटी आहे. कुणी खाल्लंच असेल तर उलटीची वाट न बघता सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, न्या आणि उरलेली अळंबी सोबत न्या, पोलिसांच्या भीतीनं डॉक्टरांपासून लपवू नका.

बरोबर जातीची मिळाली तरी डोक्याचं काय? घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर एका डोसनं पण तो आजार उफाळू शकतो, लिथियमच्या गोळ्या चालू असतील तर फिट यायचा धोका आहे. परदेशात यावर उपचार म्हणून संशोधन चाललंय ते खरं, पण तिथं पेशंट आधी तपासून घेतात, शेजारी माणूस बसवतात, डोस मोजून देतात.

आणि स्पोअर श्वासात जाणं पण साधं नाही, आमच्या धिंगरीच्या स्पोअरनं सुद्धा कामगारांच्या फुफ्फुसाला सूज येते, मी मास्क नसेल तर शेडचं दार उघडत नाही.

तुम्हाला खरंच स्पोअर बघायची हौस असेल तर बाजारातनं ताजी धिंगरी आणा, टोपी काळ्या कागदावर उपडी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी कागदावर पांढरट रेघांची नक्षी उमटलेली दिसेल, ते सगळे स्पोअरच. कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली तेच घेऊन जा.