पार्लरसाठी प्लेस्टेशन की एक्सबॉक्स? (आणि कंपन्या तोटा का खातात)

अमळनेरच्या भाऊंचे प्रश्न दोन: गेम पार्लरसाठी कोणता कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घेऊ, सोनीचा प्लेस्टेशन (पीएस) की मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, आणि कंपन्या कन्सोल तोट्यात विकतात हे खरं का?

दुसरा आधी घेतो, पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

बऱ्याच अंशी खरं आहे. २०२१ मध्ये गेम बनवणारी एपिक विरुद्ध अ‍ॅपल खटल्यात मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली की एक्सबॉक्सच्या यंत्रावर कंपनीने कधीच नफा कमावला नाही. पैसा येतो गेममधून. दुसऱ्या कुणी बनवलेला गेम विकला गेला तरी त्यातला वाटा कन्सोलवाल्याच्या खिशात. तिसरी कन्सोलवाली कंपनी निन्टेन्डो, तिचा हिशोब मात्र मारवाडी पेढीसारखा. २००६ मध्ये सोनीने ब्लू-रे (जास्त क्षमतेची डिस्क चालवणारा ड्राइव्ह) घालून पीएस-थ्री ४९९ आणि ५९९ डॉलरला काढला, तरी यंत्रामागे तोटाच. निन्टेन्डोने साधी चिप टाकून वी नावाचा कन्सोल २४९ डॉलरला आणला, यंत्रावरही कमावलं आणि १० कोटींच्या वर नग विकले.

आता आपल्याकडची गंमत. मी धुळ्यात पार्लर चालवायचो तेव्हा तीन पीएस-टू होते, ताशी २० रुपये. तिन्ही मोड केलेले, म्हणजे कॉपी डिस्क चालावी म्हणून फेरफार केलेले, आणि सगळ्या डिस्क कॉपी केलेल्या. लपवत नाही भो, तेव्हा सगळेच तसं करायचे. पोरांनी रिमोटवरचा चौकोन आणि फुली घासून पार गुळगुळीत केली होती. लोडशेडिंगमध्ये कुणाचं गेममधलं करिअर सेव्ह व्हायचं राहिलं की भांडणं वेगळी. म्हणजे जगात सर्वाधिक विकला गेलेला कन्सोल माझ्या दुकानात दिवसभर चालायचा आणि गेमचा एक पैसा सोनीला जात नव्हता. यंत्र स्वस्तात देऊन गेमवर वसूल करायची सगळी युक्ती आमच्या गल्लीत आडवी.

जुनी डिस्क हातोहात विकली गेली तरी कंपनीला काही मिळत नाही, म्हणून खरी चुरस डिस्कवरच आहे. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर जुन्या गेमच्या खरेदी-विक्रीला बंधनं घालायचं जाहीर केलं, वर किनेक्ट (हालचाल ओळखणारा कॅमेरा) गळ्यात मारून किंमत ४९९ डॉलर. सोनीने काय करावं? ‘गेम दुसऱ्याला कसा द्यायचा’ म्हणून एक छोटा व्हिडिओ टाकला: एकाने डिस्क पुढे केली, दुसऱ्याने घेतली, संपलं. पीएस-फोर ३९९ डॉलरला. मायक्रोसॉफ्टने दहा दिवसांच्या आतच माघार घेतली, पण कन्सोलची ती पिढी हातची गेली ती गेलीच.

तर भाऊ, पीएस-फाइव्ह घ्या, आणि डिस्कवालाच घ्या. बिनडिस्कचा डिजिटल थोडा स्वस्त दिसेल, पण मग प्रत्येक गेम त्यांच्याच स्टोअरमधून, ते म्हणतील त्या भावात. डिस्क असली की जुना क्रिकेट किंवा फुटबॉल निम्म्या किमतीत मिळतो, पोरांना कंटाळा आला की पुढे विकता येतो. एक्सबॉक्स सीरीज एसला तर डिस्कची खाचच नाही.

रिमोट मात्र दोन जादा घेऊन ठेवा. यंत्राआधी तेच जातात.