कारवानी कुत्र्याला डॉग शोमध्ये उतरवावं की शर्यतीत?

तुम्ही विचारलंय की जत भागातून आणलेला चौदा महिन्यांचा कारवानी (नजरेने शिकार करणारी देशी जात) आहे, डॉग शो आणि कुत्र्यांचे खेळ किती प्रकारचे असतात, आणि त्याला कशात उतरवावं. मी विट्याजवळ राहतो, आमच्या घरात आजोबांपासून कारवानी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ब्रीड शोला लोक सौंदर्यस्पर्धा समजतात, तसं ते नाही. परीक्षक प्रत्येक कुत्र्याला त्याच्या जातीच्या ठरलेल्या मानकाशी ताडून बघतो: छातीची खोली, पाठीची रेघ, चाल, दात, नराचे दोन्ही वृषण. नसबंदी केलेला कुत्रा म्हणूनच या शोत सहसा चालत नाही. आधी वयाप्रमाणे वर्ग, मग जातीतला सर्वोत्तम, मग मिळत्याजुळत्या जातींच्या गटातला, शेवटी सगळ्या शोमधला सर्वोत्तम, म्हणजे बेस्ट इन शो. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोला नोंदणी लागते. कृषी प्रदर्शनातल्या डॉग शोला बहुतेक ठिकाणी कागद मागत नाहीत.

माझा पहिला कारवानी रिंगमध्ये उतरला तेव्हा दिसायला देखणाच होता. परीक्षकांनी ओठ वर करायला हात नेला आणि त्याने मान मागे ओढून मागचे पाय दुमडले. तिथेच संपलं. या जातीला परक्याचा हात खपत नाही. घरी आल्यावर मी दूधवाल्यापासून भाच्यापर्यंत येईल त्याला ओठ उचलायला लावलं, लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. दोन महिन्यांनी तो शांत उभा राहून दात दाखवू लागला.

अ‍ॅजिलिटी हा वेगळा खेळ. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये मधल्या वेळात करमणूक म्हणून दाखवला आणि तो जगभर गेला. उड्या, बोगदा, सी-सॉ, १२ खांबांमधून नागमोडी, सगळं दोरीशिवाय, मालकाच्या इशाऱ्यावर. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे कुत्रा १८ महिन्यांचा झाल्याशिवाय उतरवता येत नाही आणि ते योग्यच आहे, वाढत्या हाडांवर उड्यांचा मार बसतो. ओबिडियन्समध्ये बस, थांब, सोबत चाल, वस्तू आण असं असतं. फ्लायबॉल म्हणजे चार कुत्र्यांची चेंडूची रिले. ही कामं जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर मनापासून करतात. कारवानी हाक ऐकतो, आधी विचार करतो, मग येतो.

त्याचा खरा खेळ ल्युअर कोर्सिंग. दोरीला प्लास्टिकचं फडकं बांधून ते यंत्राने वळणावळणाने ओढतात आणि नजरेने शिकार करणारी कुत्री त्यामागे सुटतात. यात जिवंत ससा लागत नाही, आणि तो सोडूही नका. ससा मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

गावोगावच्या शर्यतींबद्दल मात्र कळकळीने सांगतो. एका जत्रेत एप्रिलच्या दुपारी दोनला कुत्री पळवली. त्यात आमच्या ओळखीतल्यांची एक कुत्री (मादी) रेषा ओलांडून चार पावलं गेली आणि आडवी झाली, जीभ जांभळी, डोळे स्थिर. पोटावर, पंजांवर पाणी ओतत डॉक्टरांकडे नेलं, पण ती वाचली नाही. संयोजकांनी पुढची फेरी लावली. कुत्रा थांब म्हणत नाही, मालकालाच थांबावं लागतं. पळवायचं तर पहाटे, मऊ मातीवर. डांबरावर कधीच नाही.

तुमच्या कुत्र्यासाठी या हिवाळ्यात कृषी प्रदर्शनातला ब्रीड शो धरा. तोवर रोज दहा मिनिटं सैल दोरीवर सरळ दुडक्या चालीने पळवा, मग चारही पाय सरळ ठेवून चौकोनी उभा करून परक्याकडून ओठ उचलवा. जाताना जाड साखळी घरी ठेवा आणि बारीक शो-लीड, म्हणजे रिंगसाठीची पातळ दोरी, घ्या. साखळीने मान झाकली जाते आणि परीक्षकाला कारवानीची लांब मान मोकळी दिसायला हवी असते.