कोकणातला इनडोअर हॉल : आधी वारा-पाऊस, मग खेळांची यादी

तुमचा प्रश्न सविस्तर आहे, तसंच उत्तर देतो. गुहागर तालुक्यातलं गाव, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर मंडळाची जागा, आणि बॅडमिंटन, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, टेबल टेनिस सगळं एका छपराखाली हवं. कॉन्ट्रॅक्टरने १०० × ६० फुटांची पीईबी (कारखान्यात तयार करून जागेवर जोडलेल्या लोखंडी सांगाड्याची) शेड सुचवली आहे. कडेची उंची २० फूट, समुद्राच्या बाजूला दोन मोठी रोलिंग शटर, छपरात उजेडासाठी पारदर्शक पत्रे. शिवाय मे महिन्यात लग्नांना भाड्याने देऊन पैसे उभे करायचे. मी या पट्ट्यात स्ट्रक्चरची कामं करतो. माझं स्पष्ट मत असं की या कोटेशनमध्ये मापं थोडी चुकली आहेत, पण दिशा पार चुकली आहे.

आधी मापं. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४० × ६.१० मीटर. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ × १०, व्हॉलीबॉलचं १८ × ९ आणि भोवती किमान ३ मीटर मोकळं. खो-खोचं २७ × १६. तुमच्या शेडची लांबी साधारण साडेतीस मीटर, म्हणजे खो-खोच्या मैदानाच्या टोकापासून भिंतीपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटर उरतात. खांबाकडे सुसाट आलेलं पोर तेवढ्यात थांबत नाही. ३५ × २० मीटर आतून मोकळे मिळवा. त्यात बॅडमिंटनची चार कोर्टं दोन-दोन मीटरच्या अंतराने शेजारी-शेजारी बसतात, कबड्डीच्या दोन मॅट पडतात, खो-खोला दोन्ही टोकांना चार-चार मीटर मिळतात. टेबल टेनिसची चिंता नको, ते कुठेही मावतं.

खरी अडचण उंचीची आहे. व्हॉलीबॉलला ७ मीटर मोकळे लागतात आणि बॅडमिंटनला ९ मीटर धरायचे, मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना तर १२. तुमचे २० फूट म्हणजे सहा मीटर, तेही पत्र्यापर्यंत. मोजायचं असतं ते सगळ्यात खाली लोंबणाऱ्या वस्तूपर्यंत, मग तो रॅफ्टर (छपराची तिरकी तुळई) असो, दिवा असो की पंखा. पण सरसकट ९ मीटर उंच भिंती बांधायचीही गरज नाही. आढं लांबीच्या दिशेने घ्या आणि कोर्टं त्याला आडवी टाका. मग चारही नेट आढ्याखाली एका ओळीत येतात. शटल सर्वात उंच जातं ते कोर्टाच्या मधल्या भागात, आणि नेमकी तिथेच छपराची उंची जास्त मिळते. कडेला साडेसात मीटर ठेवले आणि पाखांना पाचास एक उतार दिला, तर मध्ये साडेनऊ होतात. रॅफ्टर आणि खांब जिथे जुळतो तिथला जाड भाग यातून वजा करायचा, तो कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी आकड्यात कधीच नसतो.

आता दिशा. आढं उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे लांब भिंत समुद्राकडे येईल आणि ती पूर्ण बंद ठेवायची. शटर तर तिथे अजिबात नको. जून ते सप्टेंबर वारा आणि झड नैर्ऋत्येकडूनच येते. वादळात वाऱ्याच्या तोंडावरचं शटर आत वाकलं की हॉल आतून फुगतो. बाहेरून पाख्यावरून धावणारा वारा पत्रा वर ओढत असतोच, त्यात आतला दाब खालून ढकलतो. दोन्ही जोर एकाच दिशेने लागले की पत्रे स्क्रूसकट उपटून निघतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात किनाऱ्याला लागलं, तेव्हा रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत किती शाळांची छपरं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं.

इथे एक गोष्ट तुमच्या इंजिनिअरला मुद्दाम विचारा. वाऱ्याच्या भाराचं आपलं मानक, आयएस ८७५ भाग ३ ची २०१५ची आवृत्ती, चक्रीवादळासाठीचा वाढीव गुणक पूर्व किनारा आणि गुजरात डोळ्यांपुढे ठेवून देते. कोकणात तो न धरताही डिझाइन कागदावर पास होतं. तरी धरायला सांगा. वादळानंतर उपयोगी पडणाऱ्या इमारतींसाठी तो १.३० आहे, आणि संकटात गावातली माणसं याच हॉलमध्ये आणून बसवणार हे उघड आहे. लोखंड थोडं वाढेल, वाढू दे.

पश्चिमेच्या बंद भिंतीला लागून तीन मीटरची पडवी काढा. चपला, स्टोअर, मुलामुलींच्या कपडे बदलायच्या खोल्या, संडास-बाथरूम सगळं तिथे जाईल. मुख्य भिंतीला झड लागणार नाही. आपल्या जुन्या घरांनी हेच केलंय. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची खुशाल बांधा, पण बाहेरून गिलावा हवाच, कारण जांभा पाणी पितो. आतून कोर्टाच्या दोन्ही टोकांच्या भिंती गडद हिरव्या किंवा निळ्या, चमक नसलेल्या रंगाच्या ठेवा. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरं शटल दिसत नाही. पारदर्शक पत्रे याच कारणासाठी नकोत. वर बघणाऱ्याच्या डोळ्यांत थेट ऊन येतं आणि काही वर्षांत ते पत्रे पिवळे पडून तडकतात. उजेड उत्तरेच्या त्रिकोणी भिंतीतून उंचावरून घ्या. दिवे कोर्टावर न लावता दोन कोर्टांच्या मधल्या पट्ट्यात लावा. सरावाला ३०० लक्स (उजेडाचं माप), तालुक्याच्या स्पर्धेला ५०० पुरतात.

पत्र्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथले हॉल तिथूनच मरतात. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही जुन्या शेडवर चढून एक स्क्रू जवळून बघा. डोक्याभोवती तांबूस कडं दिसेल, खालचं रबरी वॉशर नखाने दाबलं तर तुकडे पडतील, आणि त्या भोकापासून उताराच्या दिशेने गंजाचा ओघळ गेलेला असेल. पत्रा अजून धड असतो, स्क्रू संपलेला असतो. म्हणून अॅल्युमिनियम-झिंक लेपाचा रंगीत पत्रा घ्या आणि स्क्रू त्या पत्र्याच्या कंपनीने किनाऱ्यासाठी सुचवलेले, ईपीडीएम (टिकाऊ रबर) वॉशरचे मागा. पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्या) हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले हवेत. नुसता रेडऑक्साइड मारलेलं लोखंड समुद्राच्या इतक्या जवळ टिकत नाही. पत्र्याखाली इन्सुलेशन असू द्या. नाहीतर आषाढात छपरावरच्या आवाजात पंचाची शिट्टी ऐकू येणार नाही आणि पत्र्याला आतून सुटलेलं पाणी थेंबाथेंबाने कोर्टावर पडेल.

आतल्या बाजूला पन्हळ कुठेही काढू देऊ नका. ७०० चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७० हजार लिटर पाणी येतं. पालापाचोळ्याने एक तोंड तुंबलं की ते सगळं आत. पाखं चार फूट बाहेर काढा, पागोळ्या सरळ जमिनीवरच्या रुंद चिरेबंदी गटारात पडू द्या. जोतं उंच घ्या. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणने जे भोगलं त्यानंतर जुनी पूररेषा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारल्याशिवाय मी जोत्याची उंची ठरवत नाही.

हवेचं गणित नाजूक आहे. शटलचं वजन साधारण पाच ग्रॅम, झुळूकही त्याला ढकलते. पण हॉल बंद केला तर जुलैत आत जीव गुदमरतो आणि फरशीला घाम सुटतो. म्हणून पूर्वेला जमिनीलगत बंद करता येणारे लूव्हर (तिरक्या पट्ट्यांच्या झडपा) आणि आढ्यावर आच्छादित झरोका ठेवा. बॅडमिंटन चालू असताना खालचे बंद, कबड्डीला उघडे. ही सोय पहिल्याच नकाशात हवी, नंतर भिंत फोडून होत नाही.

लाकडी फ्लोअरिंगचा हट्ट पहिल्या वर्षी सोडा. आधी वाळवीरोधक प्रक्रिया, मग जाड पॉलिथिन, त्यावर नीट पातळीतलं काँक्रीट. दोन पावसाळे ओल येते का बघा. तोवर बॅडमिंटनला गुंडाळता येणाऱ्या पीव्हीसी मॅट आणि कबड्डीला कबड्डीच्या मॅट वापरा. मात्र नुसत्या काँक्रीटवर पोरांना रोज उड्या मारायला लावू नका, गुडघे जातात. लाकूड पुढे बसवणार असाल तर दारांचे उंबरे आत्ताच चार इंच वर धरा.

लग्नांबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो : आत नको. मांडवाचे खांब, खुर्च्यांचे पाय, सांडलेली आमटी यातून खेळाची फरशी वाचत नाही, आणि मे म्हणजे पोरांच्या सुट्टीतल्या शिबिरांचा महिना. पूर्वेला मोकळं अंगण ठेवून ते आणि पडवी भाड्याने द्या.

सही करण्याआधी एकदा चिपळूणजवळच्या डेरवणचं क्रीडासंकुल बघून या. कॉन्ट्रॅक्टरकडून हॉलचा उभा छेद मागवून इथे टाका, रॅफ्टरखालची उंची आणि शटरची जागा बघून मी लगेच कळवतो.