त्रिशुळामागचे कुलूप

प्रश्न : लेस्टरला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने ब्रिटनच्या रॉयल मिंटचे २०२२ सालचे एक औंसाचे चांदीचे ‘ब्रिटानिया’ नाणे मला भेट दिले आहे. ते जरा कलते केले, की त्यावरील त्रिशुळाच्या जागी कुलूप दिसते. हे कशासाठी असते आणि नाणे अस्सल असल्याची खात्री घरी करता येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नकली नाण्यांना आळा घालण्यासाठी २०२१पासून या नाण्यावर ज्या चार खुणा आल्या, त्यांपैकी ही एक आहे. नाणे कलते करताच पार्श्वभूमीवरच्या लाटा हलू लागतात, ही दुसरी. अस्सल नाण्याचा ठसा ओतून नक्कल केली, तर प्रकाशाशी खेळणाऱ्या या बारीक रेषा बुजतात. तिसरी खूण भिंगाखाली दिसेल : ‘डेकस एट ट्युटामेन’, म्हणजे ‘भूषण आणि संरक्षण’, ही सूक्ष्म लॅटिन अक्षरे. लोक नाण्यांच्या कडा कातरून चांदी काढून घेत, म्हणून इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या काळात, १६६२पासून, हेच शब्द कडेवर उमटवले जाऊ लागले. चौथी खूण मला सर्वांत देखणी वाटते. ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे प्रतीक असलेली नाण्यावरची स्त्री, हिच्या ढालीवरच्या ध्वजात रंग नाहीत. मात्र युरोपातील कुलचिन्हांच्या जुन्या संकेतानुसार उभ्या रेषा लाल आणि आडव्या रेषा निळा रंग दाखवतात. नाण्याचे रचनाकार फिलिप नेथन यांच्या मूळ आकृतीला धक्का न लावता हे सारे तिच्यात सामावले आहे, हे विशेष.

घरी नाण्याचे वजन करा आणि व्यास मोजा. वजन ३१.१ ग्रॅमच्या आसपास आणि व्यास ३८.६१ मिलिमीटर भरला पाहिजे. चांदीची घनता १०.४९, तर तांब्याची ८.९६ असल्याने तेवढ्याच वजनाचे आणि व्यासाचे तांब्याचे नाणे सुमारे सहाव्या हिश्शाने जाड होईल. नाणे चुंबकाला चिकटले, तर ते चांदीचे नाही, हे नक्की. मात्र शिशासारखा जड धातू मिसळून वजन आणि आकार दोन्ही जुळवता येतात, म्हणून या खुणाही तपासल्याच पाहिजेत.

कसोटीवर घासू नका आणि पावडरीने चकाकीही आणू नका, कारण त्यामुळे याच नाजूक रेषा झिजतील. सराफाकडच्या क्ष-किरण यंत्राने नाण्याला ओरखडा येत नाही; पण ते वरच्या थरातलाच कस सांगते, त्यामुळे चांदीच्या जाड मुलाम्याखाली हिणकस धातू दडला असेल, तर तो त्याला दिसत नाही.