ऑस्ट्रेलियातलं गंडगाय हे गाव नदीकाठ सोडून टेकडीच्या उतारावर का वसलंय?

मूळ गाव खालीच होतं, मरम्बिजी नदीच्या अगदी पूरपट्ट्यात. सिडनीहून दक्षिणेकडे जाणारी वाट इथे नदी ओलांडायची. गाड्या नदीतल्या त्या उथळ जागेजवळ थांबायच्या, त्यामुळे तिथेच वस्ती जमली आणि १८३८ मध्ये सरकारने गावठाण जाहीर केलं. पूर येतो हे इथल्या मूळच्या विराजुरी लोकांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनी बजावलंही होतं. पण आखणी झालेले प्लॉट खालीच होते, आणि पाणी चढलं की माळ्यावर जाऊन बसू, एवढ्यावर लोक निर्धास्त होते.

मग जून १८५२ची रात्र आली. ऐन थंडीचे दिवस (तिकडे जून म्हणजे हिवाळा). अडीचशेच्या आसपास वस्ती, त्यातली किमान ७८ माणसं वाहून गेली. जी वाचली त्यातली बरीचशी यारी आणि जॅकी जॅकी या विराजुरी पुरुषांमुळे. यारीची होडी झाडाच्या सालीची, इतकी लहान की एका खेपेला जेमतेम एखादा माणूस मावायचा. तरी तो झाडांना धरून बसलेल्यांना एकेक करून काठावर आणत राहिला. त्यांचे पुतळे गावात उभे राहिले २०१७ मध्ये! इतका उशीर का, हा प्रश्न मला खरं तर जास्त बोचतो.

१८५३ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा कुठे गाव पार्नासस टेकडीच्या उतारावर सरकलं. जुन्या जागी आज कुरणं आहेत, आणि त्यांच्यावरून जाणारा लांबलचक जुना लाकडी रेल्वेपूल.