रिकर्व्ह घ्यावं की लाँगबो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

साइट (नेम धरायची खूण) नाही, स्टॅबिलायझर (तोल सांभाळणाऱ्या दांड्या) नाही, क्लिकर (ओढ पूर्ण झाली की आवाज करणारी पट्टी) नाही. हातात धनुष्य, दोरीवर तीन बोटं आणि नजर निशाणावर. या पारंपरिक प्रकाराबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा या वेळी घेतली आहेत.

पुण्याहून एक वाचक विचारतात: वय 36, उंची 5 फूट 6 इंच, धनुष्य आजवर हातात धरलेलं नाही. दुकानात दोन पसंत पडली: 62 इंची टेकडाउन (सुटे भाग होणारं) रिकर्व्ह आणि 68 इंची लाँगबो. दोन्ही 40 पाउंडांची, किंमतही जवळपास सारखी. कुठलं घेऊ?

या वजनात दोन्ही नकोत. आधी पाउंड ठरवायचे, मग आकार. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि तिसऱ्या महिन्यात खांदा धरून बसतात.

40 पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर, 18 किलोंचा. एवढं वजन तीन बोटांवर घेऊन, खांदा न उचलता दोन-तीन सेकंद स्थिर राहायचं, आणि एका सरावात हे 80-100 वेळा करायचं. जमत नाही तेव्हा शरीर पळवाट काढतं. ओढ अर्धवट राहते, हनुवटी दोरीकडे पुढे जाते, बोटं घाईने सुटतात. या सवयी दोन आठवड्यांत लागतात आणि सुटायला वर्ष जातं.

धनुष्यावर लिहिलेलं वजन 28 इंच ओढीवर (दोरी मागे आणायच्या अंतरावर) मोजलेलं असतं. तुमची ओढ काढायला भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि आकड्याला 2.5 ने भागा. हा पसारा बहुधा उंचीइतकाच असतो. 66 इंच धरला तर ओढ 26.4 इंच येते. 28 च्या आत प्रत्येक इंचाला दोन-अडीच पाउंड कमी होतात, म्हणजे 40 चं धनुष्य तुमच्या हातात 36 चं होईल. नवशिक्याला तेही जड. 28 पाउंडांचं घ्या; हातात 24-25 येतील आणि तेवढे पुरेत.

आता आकार. रिकर्व्हच्या लिम्बची (धनुष्याचे वाकणारे दोन हात, लिंबाशी संबंध नाही) टोकं पुढे, निशाणाच्या बाजूला वळलेली असतात. चढवलेल्या (दोरी लावून ताणलेल्या) धनुष्याची दोरी या टोकांवर टेकलेली असते आणि ओढताना ती तिथून हळूहळू सुटत जाते. त्यामुळे वजन सुरुवातीलाच हातात येतं, शेवटच्या दोन इंचांत अंगावर येत नाही. त्याच पाउंडांत ऊर्जा जास्त साठते, म्हणून तोच बाण रिकर्व्हमधून जरा जलद निघतो. लाँगबोचे लिम्ब सरळ किंवा किंचित बाकदार. ओढ वाढत जाऊन टोकापाशी दोरी आणि लिम्ब यांच्यात काटकोन व्हायला लागला की प्रत्येक पुढचा इंच जड लागतो. याला स्टॅकिंग म्हणतात, आणि ते टाळायलाच लाँगबो 66 ते 70 इंचांचा ठेवतात. आखूड रिकर्व्हमध्येही लांब हातांच्या माणसाला हेच जाणवतं. 6 फुटी वाचकांनी 60 इंचीच्या वाटेला जाऊ नये.

लाँगबोची बाजूही भक्कम आहे. लिम्ब अरुंद आणि जाड, त्यामुळे पिळत नाहीत. दोरी फक्त टोकांच्या खाचांना टेकते, म्हणून आवाज कमी. वजनाला इतका हलका की दिवसभर हातात धरता येतो. पण हा हलकेपणाच सुटताना मनगटाला झटका देतो, कारण उरलेली ऊर्जा पचवायला जड रायझर (मुठीचा मधला भाग) नसतो. रिफ्लेक्स-डिफ्लेक्स घडणीच्या (लिम्ब मुठीपाशी मागे, टोकांकडे पुढे वळलेले) आजच्या लाँगबोत हा झटका बराच कमी असतो. जड बाणानेही तो उतरतो.

नवशिक्याला खरा फरक मुठीत कळतो. रिकर्व्हच्या मुठीला खोल, अरुंद गळा असतो. अंगठा आणि तर्जनी यांमधली खोबण दर वेळी तिथेच जाऊन बसते. लाँगबोची मूठ म्हणजे चामडं गुंडाळलेली जवळपास सरळ दांडी. तळहाताची टाच एकदा दाबली गेली, एकदा नाही, की बाण कधी वर, कधी खाली. सवयीच्या हाताला ही मूठ फार गोड लागते, पण ती सवय दुसऱ्या धनुष्यावर करावी.

म्हणून आमचं मत 62 इंची टेकडाउन रिकर्व्हला, 28 पाउंडांच्या लिम्बसह. सहा महिन्यांनी तेच रायझर ठेवून फक्त लिम्ब बदलायचे, 32 चे किंवा 35 चे. अखंड लाँगबोचे पाउंड वाढवायचे म्हणजे नवा लाँगबो आणायचा. मन लाँगबोवरच बसलं असेल तर आम्ही अडवणार नाही, फक्त 30 च्या वर जाऊ नका. आणि सगळे पैसे धनुष्यात घालू नका. एकसारखे सहा बाण, टॅब (बोटांवरचं चामडं), आर्मगार्ड (हाताला दोरी लागू न देणारी पट्टी) आणि स्ट्रिंगर (धनुष्य चढवायचा दोर) याच खरेदीत बसले पाहिजेत.

नाशिकहून: रिकर्व्हवर नीट जाणारे 500 स्पाइनचे (काडी किती लवते त्याचं माप) कार्बन बाण नव्या 35 पाउंडी लाँगबोवर सगळे डावीकडे लागतात. मी उजव्या हाताने ओढतो. नेम उजवीकडे धरू का?

नेमाला हात लावू नका, बाण कडक आहेत. रिकर्व्हचं रायझर बहुधा मध्यापर्यंत किंवा त्याच्याही आत कापलेलं असतं. लाँगबोचा कट मध्याच्या थोडा अलीकडे थांबतो, म्हणून बाण मुळातच जरा डावीकडे तोंड करून बसलेला असतो. सुटताना तो मुठीभोवती वाकून वळसा घेतो आणि मग सरळ होतो. जो पुरेसा वाकत नाही तो डावीकडेच जातो, जाता जाता मुठीला घासून ‘टक्’ असा आवाजही करतो.

500 म्हणजे काय, तर 28 इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर काडी ठेवून मधोमध 880 ग्रॅम टांगले तर ती 0.500 इंच लवते. आकडा मोठा तितकी काडी मऊ. तुमच्यासाठी 600 आणि 700 यांचे एकेक बाण आणा, डझन नको. लाकडी बाणांचा स्पाइन मात्र पाउंडांत सांगतात आणि मोजतातही वेगळ्या अंतरावर, वेगळ्या वजनाने. दोन आकडे एकमेकांत मिसळू नका.

काडी पूर्ण लांबीची ठेवा, 125 ग्रेनचं (साधारण 8 ग्रॅम) टोक लावा. 10-12 मीटरवरून तीन पिसांचे बाण आणि एक बिनपिसाचा बाण मारा. बिनपिसाचा डावीकडे पडला तर अजून कडक, उजवीकडे पडला तर मऊ. मऊ असेल तर पाव-पाव इंच कापत जा. कापलं की काडी कडक होते. उलट जायचा रस्ता म्हणजे जड टोक, म्हणून आधी कापायची घाई नको. बिनपिसाचा बराच खाली लागत असेल तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) जास्त वर आहे. शेल्फवरून (मुठीवरच्या, बाण टेकवायच्या कापलेल्या जागेवरून) मारताना तो काटकोनाच्या रेषेपेक्षा अर्धा इंच वर ठेवून सुरुवात करा.

बाणाचं वजनही तोलून घ्या. दर पाउंडाला 9 ग्रेन धरले तर 35 पाउंडांना 315 ग्रेन, म्हणजे साधारण 20 ग्रॅम. त्यापेक्षा फार हलका बाण म्हणजे अर्धं रिकामं, बाणाशिवाय, सोडणंच. आणि शेल्फवरून प्लास्टिकची पाती चालत नाहीत. पीस दबून जातं, प्लास्टिक बाणाला उडवतं.

नागपूरहून: जुनं टेकडाउन रिकर्व्ह स्वस्तात मिळालं. दोरी वरच्या लिम्बच्या खाचेत न बसता एका कडेला सरकते. मागच्या मालकाने धनुष्य पायात अडकवून चढवायची सवय सांगितली. लिम्ब गेले का?

बहुधा गेले नाहीत, पण कारण तुम्हीच लिहिलं आहे. धनुष्य दोन पायांमध्ये घालून मांडीवर वाकवलं की जोर तिरपा पडतो आणि रिकर्व्हचं रुंद, पातळ टोक पिळतं. लाँगबो हे एक वेळ सहन करतो. दुसरं नेहमीचं कारण ऊन. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत ठेवलेल्या धनुष्याचा गोंद मऊ होतो, आणि चढवून ठेवलं असेल तर लिम्ब त्याच ताणात आकार बदलतात.

दोरी लावण्याआधी भेग शोधा. कापसाचा बोळा दोन्ही लिम्बच्या कडांवरून आणि पाठीवरून हलक्या हाताने फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे फायबर उचकटलं आहे. ते धनुष्य चढवू नका. कापूस सरळ निघाला तर पुढे जा.

आता लिम्बच्या पिळाआधी जोड तपासा. लिम्ब काढा, रायझरमधल्या पिना आणि बोल्टखालची वायसर पाहा, माती पुसा, बोल्ट हाताने पूर्ण आवळा. कित्येकदा एवढ्यानेच दोरी मध्ये येते. मग स्ट्रिंगरने चढवून, टोकाकडून एक डोळा मिटून दोरी पाहा. अजूनही कडेला असेल तर चढवलेल्या अवस्थेत टोक तळव्यात धरून उलट दिशेला हळूच पिळा, अर्धा मिनिट धरा, सोडा. असं सात-आठ वेळा, रोज, आठवडाभर. गरम पाण्याचे आणि हेअर ड्रायरचे सल्ले मिळतील. थर चिकटवलेल्या लिम्बवर आम्ही ते करणार नाही. थोडा फरक उरला तरी दोरी खाचेत टिकत असेल तर धनुष्य चालतं. मारताना दोरी खाचेतून निसटत असेल तर मात्र ते लिम्ब भिंतीवर शोभेला.

दोरी बसली की ब्रेस हाइट लावा. मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर 62 इंचीला साडेसात इंचांपासून सुरू करा. धनुष्य उतरवून दोरीला चार-पाच पीळ द्या, पुन्हा चढवून सहा बाण मारा, आवाज ऐका. सव्वाआठच्या आत कुठेतरी तो एकदम दबतो. तो आकडा रायझरवर पेन्सिलने लिहून ठेवा.

साताऱ्याहून एक पालक: मुलगी 13 वर्षांची, अॅकॅडमीत इंडियन राउंडचं बांबूचं धनुष्य मारते. तिला रिकर्व्हमध्ये जायचं आहे. घरी सरावाला लाँगबो दिला तर?

नको. मूठ वेगळी, बाणाचा मार्ग वेगळा. वाढत्या वयात दोन सवयी एकत्र लागतील. शिवाय टोकियो ऑलिंपिकमध्ये साताऱ्याच्याच प्रवीण जाधवने जे मारलं ते साइट-स्टॅबिलायझरचं रिकर्व्ह. तिकडेच जायचं असेल तर आयएलएफ जोडाचं हलकं रायझर घ्या. या जोडाचे लिम्ब कंपनी बदलली तरी बसतात. तेच धनुष्य साइटशिवाय बेअरबो म्हणून मारता येतं. बेअरबोत उतरवलेलं धनुष्य रायझरला लावलेल्या सगळ्या वजनांसकट 12.2 सेंटिमीटरच्या कड्यातून जावं लागतं, हे वजन विकत घेताना लक्षात ठेवा. पाउंड तिच्या प्रशिक्षकांनाच ठरवू द्या.

कोल्हापूरहून: उसात रानडुकरं शिरतात. 50 पाउंडी रिकर्व्हने मारता येतील का?

नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय मारणं गुन्हा आहे, हत्यार कुठलंही असो. नुकसानीचा अर्ज वन विभागाकडे करा. डुकराच्या आकाराचं फोमचं थ्रीडी टार्गेट मिळतं, हौस त्यावर फेडा.

बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या एक वाचक: इथल्या क्लबात रिकर्व्हवर शिकले, आता इंग्लिश लाँगबो हवा आहे. एकाचा उसना मारून पाहिला तर डाव्या हाताची कातडी सोलली. माझंच चुकतंय का?

तुमचं नाही, त्या धनुष्याची ठेवणच तशी. इंग्लिश लाँगबोला शेल्फ नसतं, बाण बोटाच्या पेरावर टेकतो. पिसाच्या दांडीचं पुढचं टोक उघडं असेल तर ते ब्लेडसारखं कातडीवरून जातं. त्या टोकावर बारीक रेशमी दोऱ्याचे 10-12 वेढे घट्ट घ्या, वर गोंदाचा थेंब, वाळल्यावर नखाने फिरवून पाहा. काही अडकता कामा नये. धनुष्याच्या हाताला पातळ चामड्याचा मोजाही घाला.

हे धनुष्य रिकर्व्हसारखं वागवू नका. यू झाडाच्या एकाच फळीत बाहेरचं फिकट लाकूड ताण घेतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब. आडवा छेद इंग्रजी ‘डी’सारखा. 1545 साली पोर्ट्समथजवळ बुडालेल्या मेरी रोझ जहाजावरची धनुष्यं याच घडणीची आहेत. ती 100 पाउंडांच्या पुढची होती असा अंदाज आहे. तुम्ही 30-35 वर थांबा. शुद्ध लाकडाचं धनुष्य ज्या ओढीला घडवलं तिच्यापुढे एक इंचही नेऊ नका, ते मोडतं. घेताना स्वतःची ओढ मोजून सांगा. मारायला सुरुवात करण्याआधी बाण लावून पाच-सहा वेळा अर्धंच ओढा आणि हळूच परत आणा. पूर्ण ओढीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. दोरी डेक्रॉनची, न ताणणारी आधुनिक नको. चढवल्यावर धनुष्याच्या मुठीवर हाताची वळलेली मूठ ठेवून अंगठा वर करा. अंगठ्याचं टोक दोरीला लागलं की ब्रेस हाइट बरोबर आहे. वर्ल्ड आर्चरी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या थ्रीडी (प्राण्यांच्या आकाराच्या टार्गेटच्या) स्पर्धांत लाँगबो गटाला बाण लाकडीच लागतात, तेव्हा कार्बनवर पैसे घालवू नका.

मारून झालं की लगेच दोरी उतरवा आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. तिकडच्या घरांत रेडिएटर असतो. त्याच्या वरच्या भिंतीवर टांगू नका, एका हिवाळ्यात लाकूड कोरडं पडून तडकतं.