बिनचुन्याची भिंत

प्रश्न : गुरुजी, नातवाने मोबाइलवर व्हिएतनाममधला एक किल्ला दाखवला. हत्तीएवढे दगड, मध्ये चुन्याचा थेंब नाही. घरात सगळे म्हणाले, ही तर आपली हेमाडपंती! आपलेच कारागीर तिकडे गेले असतील का?
– एक वाचक, औसा

उत्तर : तो थान्ह होआ प्रांतातला ‘हो’ नावाच्या राजघराण्याचा किल्ला. आपल्या कारागिरांचा त्यात हात नाही. देवगिरीचे यादव चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बुडाले, हा किल्ला १३९७ चा. तिथल्या आधीच्या त्रान राजघराण्याच्या दरबारातला बलाढ्य कारभारी हो क्वी ली याने राजधानी आजच्या हनोईहून इथे आणली आणि १४०० मध्ये स्वतःच गादी घेतली. सात वर्षांत चीनच्या मिंग फौजांनी ते राज्य संपवलं.

माझे वडील विहिरी बांधायचे. दगडावर दगड बसवायचा, चुना नाही, म्हणजे पाझर आत येतो. ते म्हणत, "मातीतल्या पाण्याला वाट दिली नाही की भिंतीला पोट येतं." हा किल्ला मला त्या वाक्यावरून उमगला. त्याच्या भिंतीही बाहेरून दगडी आहेत आणि मागे धुमसून बसवलेली माती. एकेक बाजू जवळपास ८८० मीटर, काही दगड २० टनांच्याही वर. तिथला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी सहाशे वर्षांनंतरही तटाचा मोठा भाग जागेवर आहे.

जोडणी मात्र निराळी. औंढ्याच्या नागनाथाच्या हेमाडपंती देवळात काळा पाषाण, त्याला खाचा आणि कुसू, वर आडव्या तुळया. तिकडे चुनखडीचा दगड, आणि दक्षिण दरवाजाला तीन कमानी. कमानीचा प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला, मोसंबीच्या फोडी शेजारी शेजारी बसाव्यात तसा. वरचं ओझं जितकं दाबेल तितके ते एकमेकांना घट्ट धरतात. यादवांच्या देवळांत अशी कमान नाही.

आपल्याकडचा ठसा बघायचा असेल तर त्याच देशात दक्षिणेला ‘मी सोन’ नावाचं ठिकाण बघा. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी तिथे भद्रेश्वर शिवाची देवळं बांधली, तीही विटांची.

हो घराण्याचे महाल लाकडी होते, ते गेले. तटाच्या आत आता भातशेती आहे, आणि दगडी ड्रॅगनची एक जोडी, दोघांचीही मुंडकी तुटलेली. नातवाला तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगा आणि दक्षिण दरवाजाशी थांबवा. कमानीतला मधला दगड काढला तर काय होईल, ते त्यालाच विचारा.